हरवलेले शून्य : डेटाबेसमधील एका चुकीचा ४१ वर्षांचा इतिहास

सप्टेंबर १९८२ मध्ये 'एसीएम ट्रान्झॅक्शन्स ऑन डेटाबेस सिस्टिम्स' या नियतकालिकात वॉन किम यांचा एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. विषय होता एकात एक गुंफलेल्या क्वेरी वेगाने सोडवण्याचा. निबंध गाजला, त्यातील वर्गीकरण पुढच्या पिढ्यांनी जसेच्या तसे उचलले, आणि आजही या विषयावरील कोणत्याही लेखनाची सुरुवात किम यांच्या उल्लेखानेच होते. मात्र त्यातील एका रीतीत लहानशी चूक होती. दोन वर्षांत ती सापडली, पाच वर्षांत दुरुस्तही झाली. असे असूनही २०१६ मध्ये 'अपाचे स्पार्क' या जगभर वापरल्या जाणाऱ्या मुक्तस्रोत प्रणालीत ती नव्याने अवतरली. तिथे दुरुस्त झाली. आणि २०२३ मध्ये त्याच प्रणालीत वेगळ्या वाटेने पुन्हा आत आली. 'काउंट बग' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या चुकीची ही हकीकत आहे.

सॉफ्टवेअरच्या जगात 'रिग्रेशन' हा शब्द काल नीट चालणारी गोष्ट आज बिघडणे, किंवा एकदा निस्तरलेला दोष पुन्हा उद्भवणे, या अर्थाने वापरतात. संख्याशास्त्रातील रिग्रेशनशी त्याचा काही संबंध नाही. सहसा एखाद्या प्रणालीच्या जुन्या व नव्या आवृत्तीची तुलना करताना हा शब्द येतो. काउंट बगच्या बाबतीत मात्र एका प्रणालीपुरते बोलून भागत नाही. इथे मागे घसरली ती एक संपूर्ण विद्याशाखाच, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होणार नाही.

चूक समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. १९७० मध्ये एडगर कॉड यांनी माहिती साध्या तक्त्यांत ठेवण्याची संबंधात्मक पद्धत मांडली. १९७४ मध्ये डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी त्या तक्त्यांना प्रश्न विचारण्याची भाषा तयार केली. तीच पुढे एसक्यूएल झाली. या भाषेचे मोठेपण असे, की काय हवे एवढेच सांगायचे. ते कसे शोधायचे हे यंत्राने ठरवायचे. हे 'कसे' ठरवणाऱ्या भागाला ऑप्टिमायझर म्हणतात. पॅट्रिशिया सेलिंजर आणि सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये आयबीएमच्या 'सिस्टिम आर' प्रकल्पातील ऑप्टिमायझरचे वर्णन प्रसिद्ध केले, तेव्हापासून या क्षेत्राची वाट आखली गेली. ऑप्टिमायझरला मुभा मोठी असते. तो आपली क्वेरी उलटीसुलटी करू शकतो, तिचे तुकडे करू शकतो, तिला पूर्णपणे नवे रूप देऊ शकतो. अट एकच: उत्तर बदलता कामा नये.

आता एक कल्पित उदाहरण घेऊ. एका तक्त्यात शाळा आहेत. प्रत्येक शाळेसमोर तिने स्वतः कळवलेली शिक्षकसंख्या आहे. दुसऱ्या तक्त्यात शिक्षक आहेत. प्रत्येक शिक्षकासमोर त्याच्या शाळेचे नाव आहे. प्रश्न असा: कळवलेली संख्या आणि दुसऱ्या तक्त्यात मोजलेली संख्या ज्यांची जुळते, अशा शाळा कोणत्या? समजा 'अ' शाळेने सहा शिक्षक कळवले, तक्त्यात चारच आहेत. 'ब' शाळेने एक कळवला, तक्त्यातही एकच आहे. 'क' शाळेने शून्य कळवले, आणि खरोखरच तिच्या नावावर तक्त्यात एकही शिक्षक नाही. बरोबर उत्तर उघड आहे: 'ब' आणि 'क'.

सिस्टिम आर अशी क्वेरी सरळ मार्गाने सोडवी. शाळांच्या तक्त्यातील एक ओळ घ्यायची, तिच्यासाठी शिक्षकांचा तक्ता चाळून मोजणी करायची, मग पुढची ओळ घ्यायची. उत्तर अचूक मिळते, पण एक लाख शाळा आणि पाच लाख शिक्षक असतील, आणि सूचीची मदत नसेल, तर पाच हजार कोटी तुलना कराव्या लागतात. किम यांनी सुचवलेला मार्ग हुशारीचा होता. आधी शिक्षकांच्या तक्त्याचे शाळेनुसार गट पाडून मोजणी एकदाच करून ठेवावी, म्हणजे 'अ : ४, ब : १' असा लहान तक्ता तयार होईल, आणि मग तो शाळांच्या तक्त्याशी जोडावा. दोन्ही तक्ते एकेकदा वाचले की काम झाले. वेगातील हा फरक इतका मोठा आहे, की आजची कोणतीही मोठी विश्लेषण-प्रणाली याच कल्पनेच्या आधाराने उभी आहे.

पण त्या लहान तक्त्यात 'क' कुठे आहे? गट पाडले ते शिक्षकांचे. ज्या शाळेत शिक्षकच नाही, तिचा गटच पडत नाही. आणि गट नाही म्हणून जोडणीच्या वेळी तिला जोडीदार सापडत नाही. 'क' शाळा उत्तरातून निघून जाते. कोणताही इशारा येत नाही, क्वेरी बंद पडत नाही; उत्तरात फक्त 'ब' उरते आणि ते अगदी व्यवस्थित दिसते. हाच काउंट बग.

गळून कोण पडते, याकडे लक्ष द्यावे. ज्यांच्या नावावर काहीच नाही, नेमके तेच. 'दोनपेक्षा कमी शिक्षक असलेल्या शाळा दाखवा' अशी क्वेरी याच पद्धतीने लिहिली, तर एकशिक्षकी शाळा यादीत येतील आणि शिक्षक नसलेल्या शाळा येणार नाहीत. आरोग्यकेंद्र आणि औषधपुरवठा, गाव आणि पाण्याचे टँकर, विद्यार्थी आणि शिष्यवृत्ती, कोणतीही जोडी घ्या. ज्या यादीवरून मदत पोहोचवायची, त्या यादीतून सर्वांत गरजू नोंदच वगळली जाते. आपल्याकडे योजनांचे मूल्यमापन आता बहुतांश अशाच क्वेरींवर चालते, म्हणून ही गोष्ट केवळ संगणकशास्त्रज्ञांच्या आपसातल्या चर्चेची राहत नाही.

दोष मोजणीच्याच बाबतीत का उद्भवतो, सरासरी किंवा बेरीज यांच्या बाबतीत का नाही, हा प्रश्न विद्यार्थ्यांनी जरूर स्वतःला विचारावा. एसक्यूएलच्या नियमानुसार रिकाम्या संचाची सरासरी, बेरीज, किमान वा कमाल किंमत 'नल' असते, म्हणजे 'माहीत नाही'. नलशी कोणतीही तुलना केली तर उत्तर खरेही नसते आणि खोटेही नसते. अशी ओळ निकालातून आपोआप वगळली जाते. त्यामुळे तिथे किम यांच्या पद्धतीने ओळ गळाली तरी अंतिम उत्तरात सहसा फरक पडत नाही. मोजणी मात्र वेगळी. रिकाम्या संचाची मोजणी शून्य असते, आणि शून्य ही माहीत असलेली, तुलना करता येणारी, पक्की संख्या आहे. ती हरवली की उत्तर चुकते.

ही चूक प्रथम दाखवली वेर्नर कीसलिंग यांनी, १९८४ मध्ये, बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या एका अंतर्गत अहवालात. पुढच्या वर्षी स्टॉकहोमच्या व्हीएलडीबी परिषदेतील त्यांच्या निबंधाच्या शीर्षकात 'अर्थाचे खडक' अशा आशयाचा शब्दप्रयोग आहे. पाण्याखाली दडलेल्या, वरून शांत दिसणाऱ्या खडकांची उपमा याहून समर्पक शोधणे अवघड. १९८७ मध्ये रिचर्ड गॅन्स्की आणि हॅरी वाँग यांनी दुरुस्ती मांडली, आणि उमेश्वर दयाल यांनीही त्याच वर्षी गुंफलेल्या क्वेरींसाठी त्याच दिशेने जाणारी एक व्यापक चौकट दिली.

दुरुस्तीचे सूत्र म्हणजे बाह्य जॉइन. साध्या जॉइनमध्ये जोडीदार न सापडलेली ओळ टाकून दिली जाते. बाह्य जॉइनमध्ये ती राखली जाते आणि समोरच्या रकान्यांत नल भरले जाते. गॅन्स्की आणि वाँग म्हणाले: आधी शाळा आणि शिक्षक यांचा बाह्य जॉइन करा, गट पाडून मोजणी नंतर करा. इथेही एक खाच आहे. 'क' शाळेची राखलेली ओळ ही शेवटी एक ओळच आहे. नुसत्या ओळी मोजल्या तर मोजणी शून्याऐवजी एक येईल, आणि शिक्षक नसलेल्या शाळेत एक भुताटकीचा शिक्षक हजर होईल! म्हणून मोजायच्या त्या ओळी नव्हेत, तर शिक्षकांच्या तक्त्याकडून आलेल्या रकान्यातील नल नसलेल्या किमती. दुरुस्तीच्या पोटात दुसरी चूक दडलेली असू शकते, हे या क्षेत्राला १९८७ सालीच कळले होते.

इथे प्रकरण मिटायला हवे होते. निबंध उपलब्ध होते, पुढे म्युरलीकृष्ण, गॅलिंडो-लेगारिया आणि जोशी, म्युनिकचे नॉयमान आणि केम्पर अशा अनेकांनी गुंफलेल्या क्वेरी सोडवण्याच्या रीती अधिकाधिक सर्वसमावेशक केल्या. तरीही २०१६ मध्ये काय घडले ते पाहू.

स्पार्कचा जन्म २००९ मध्ये बर्कलेचाच, म्हणजे जिथे कीसलिंग यांनी ती चूक दाखवली त्याच विद्यापीठातला. शेकडो संगणकांवर पसरलेल्या माहितीवर एकाच वेळी काम करण्यासाठी तो बनवला गेला, आणि पुढे त्याला एसक्यूएलची जोड मिळाली. जुलै २०१६ मध्ये आलेल्या २.० आवृत्तीची एक मोठी जाहिरात अशी होती, की टीपीसी-डीएस या प्रमाणित कसोटीतील सर्वच्या सर्व ९९ क्वेरी आता स्पार्कवर चालतात. त्यासाठी गुंफलेल्या क्वेरींची सोय करणे भाग होते. ती केली गेली, आणि काउंट बग आत आला.

या वेळचे रूप थोडे निराळे होते. स्पार्कच्या लेखकांनी बाह्य जॉइन वापरला होता. पण गट पाडणे आणि मोजणे जॉइनच्या आधीच उरकले जात होते. त्यामुळे 'क' शाळेची ओळ टिकली, तरी तिच्यासमोर शून्याऐवजी नल आले. यादीत पाहिले तर रिकामी जागा. अटीत वापरले तर 'शून्य बरोबर नल' हे खरे ठरत नाही, म्हणून ओळ पुन्हा गायब. औषध बरोबर होते, देण्याची वेळ चुकली.

मग ९९ क्वेरींच्या कसोटीने हे का पकडले नाही? मला या साऱ्या इतिहासातील सर्वांत बोधक जागा हीच वाटते. टीपीसी-एच या जुन्या कसोटीच्या २२ क्वेरींपैकी दुसऱ्या, सतराव्या आणि विसाव्या क्वेरीत अशी गुंफण आहे. तिथे अनुक्रमे किमान, सरासरी आणि बेरीज वापरली आहे. मोजणी नाही. टीपीसी-डीएसच्या एक्केचाळिसाव्या क्वेरीत गुंफलेली मोजणी आहे खरी, पण अट आहे 'मोजणी शून्याहून अधिक असावी' अशी. शून्यवाल्या ओळी तिथे तशाही टाकूनच द्यायच्या असतात. म्हणजे ज्या कसोट्यांवर उत्पादने जोखली जातात, त्या सर्व पार करूनही हा खडक पाण्याखालीच राहतो. कसोट्यांचा मूळ उद्देश वेग मोजण्याचा. अचूकतेचा दाखला म्हणून त्यांच्याकडे बोट दाखवणे हा दोष कसोट्यांचा नव्हे, दाखवणाऱ्यांचा.

स्पार्कमधील ही नोंद १५३७० क्रमांकाची. दुरुस्ती २.० प्रकाशित होण्यापूर्वीच झाली, आणि ती वाचण्याजोगी आहे. आतल्या क्वेरीच्या निकालाला 'कायम खरे' अशी किंमत असलेला एक जादा रकाना जोडला जातो. बाह्य जॉइननंतर त्या रकान्यात नल दिसले, तर समजायचे की या ओळीला जोडीदार मिळालाच नाही. अशा ओळीसाठी, एकही ओळ नसताना आतल्या क्वेरीने जे उत्तर दिले असते, ते आधीच काढून ठेवलेले असते, तेच भरायचे. मोजणी असेल तर शून्य. मोजणी अधिक एक असेल तर एक. गटांवर 'हॅविंग'ची अट असेल तर ती अट जॉइनच्या वर उचलून घ्यायची. संकेतात या तीन शक्यता टिपांसह स्वतंत्र लिहिल्या आहेत. दुरुस्तीसोबत चाचण्याही आल्या, आणि त्यांच्या नावांतच १५३७० हा क्रमांक आहे. मोजणी अटीत असताना, निवडीच्या यादीत असताना, हॅविंगमध्ये असताना, आणि जिथे हा दोष संभवत नाही अशी उलट उदाहरणेसुद्धा. यापुढे कोणीही ऑप्टिमायझरला हात लावला, तरी या चाचण्या धावणारच.

तरीही २०२३ मध्ये दोन नव्या तक्रारी नोंदल्या गेल्या. पहिलीत आतली क्वेरी विचारत होती, 'मोजणी नल आहे काय?' मोजणी कधीच नल नसते, म्हणून उत्तर नेहमी 'खोटे'. ऑप्टिमायझरमधील एका अगदी वेगळ्या, स्वतःपुरत्या निर्दोष नियमाने हे ओळखले आणि संपूर्ण मोजणीच्या जागी 'खोटे' हा स्थिरांक ठेवून दिला. वेळ वाचला! पण काउंट बगपासून बचाव करणारा भाग जेव्हा तिथे पोहोचला, तेव्हा क्वेरीत मोजणीच उरली नव्हती. त्याला वाटले, इथे धोका नाही. आणि जोडीदार नसलेल्या ओळींसमोर 'खोटे'ऐवजी नल उमटले. पहारेकरी जागा होता; पण ज्याची राखण करायची ती खूणच कोणीतरी आधी पुसून टाकली होती.

दुसऱ्या तक्रारीत चूक उलट्या दिशेची. आतल्या क्वेरीत वापरकर्त्याने स्वतःच 'ग्रुप बाय' लिहिले असेल, तर रिकाम्या संचातून एकही गट निघत नाही. म्हणून तिथे नल हेच योग्य उत्तर. बचावाचा नियम मात्र तिथेही शून्य भरत होता. जिथे दुखणे नाही तिथे औषध. दोन्ही तक्रारींवर मिळून एकच दुरुस्ती आली: बचावाचे काम उशिराच्या टप्प्यावर न ठेवता, आतल्या आणि बाहेरच्या क्वेरीची गाठ सोडवण्याच्या टप्प्यातच सामावून घेतले गेले. खुणा पुसल्या जाण्याआधीच तिथे बंदोबस्त होतो.

या पार्श्वभूमीवर पोस्टग्रेसकडे पाहणे उद्बोधक आहे. मोजणीसारख्या एकच किंमत देणाऱ्या गुंफलेल्या क्वेरी पोस्टग्रेस सोडवून सपाट करत नाही. सिस्टिम आरप्रमाणे ओळीमागून ओळ घेऊन आतली क्वेरी पुन्हा पुन्हा चालवतो. मोठ्या माहितीवर हे संथ पडते आणि त्याबद्दल त्याला नावे ठेवली जातात. पण या विशिष्ट खडकावर तो आपटत नाही, कारण त्या पाण्यात तो शिरतच नाही. २०२३ च्या तक्रारीतही योग्य उत्तर कोणते, हे दाखवायला पोस्टग्रेसचाच निकाल पुढे केला गेला.

आता आपल्या देशाशी असलेला दुवा. भारतातील संगणकशास्त्राचे असंख्य विद्यार्थी सिल्बरशाट्झ, कोर्थ आणि सुदर्शन यांचे डेटाबेसचे पाठ्यपुस्तक वापरतात. त्यांतील एस. सुदर्शन मुंबईच्या आयआयटीत प्राध्यापक. पवईत त्यांच्या गटाने 'एक्सडेटा' नावाची प्रणाली तयार केली. तिच्यावरील एक प्रमुख निबंध २०११ चा आहे. कल्पना अशी: दिलेल्या क्वेरीची मुद्दाम थोडी बिघडवलेली रूपे तयार करायची, उदाहरणार्थ साध्या जॉइनच्या जागी बाह्य जॉइन ठेवायचा, आणि मग मूळ व बिघडलेल्या रूपांची उत्तरे भिन्न येतील अशी अगदी छोटी माहिती यंत्राकडूनच गणिताने काढून घ्यायची. आपण हाताने नमुना माहिती भरतो तेव्हा प्रत्येक शाळेला शिक्षक देतो, प्रत्येक ग्राहकाला खरेदी देतो. एकटी ओळ सुचत नाही. एक्सडेटा ती एकटी ओळ शोधून काढते. पुढे या प्रणालीचा उपयोग विद्यार्थ्यांनी लिहिलेल्या क्वेरी तपासण्यासाठीही झाला. झुरिचमध्ये मॅन्युएल रिगर आणि झेनडाँग सू यांनी २०२० मध्ये वेगळी युक्ती काढली: तीच क्वेरी अशा रूपात पुन्हा लिहायची, की ऑप्टिमायझरला तिच्यात हात घालायला जागाच राहू नये, आणि दोन्ही निकाल ताडून पाहायचे. या एका युक्तीने मुक्तस्रोत डेटाबेसांमधून पूर्वी अज्ञात असलेले १५९ बग बाहेर काढले; त्यांतील ५१ ऑप्टिमायझेशनच्या चुकांचे होते.

१९८७ ची दुरुस्ती निबंधात होती, २०१६ ची चाचण्यांत. निबंध कोणी वाचला तरच उपयोगी पडतो. चाचणी मात्र संकेतातील प्रत्येक बदलानंतर न विसरता चालते. पण चाचणीही विचारलेल्या प्रश्नापुरतीच बोलते, आणि 'मोजणी नल आहे काय' असे विचारावे हे २०१६ मध्ये कोणाच्या मनात आले नव्हते. २०२३ मध्ये तोही प्रश्न चाचण्यांच्या संचात दाखल झाला.

ज्या विद्यार्थ्यांच्या संगणकावर पोस्टग्रेस किंवा एसक्यूलाइट आहे, त्यांनी वरील तीन शाळांचे आणि पाच शिक्षकांचे तक्ते तयार करून पाहावेत. एकदा क्वेरी गुंफून लिहावी. एकदा किम यांच्या रीतीने आधी गट पाडून, मग साधा जॉइन करून. एकदा बाह्य जॉइन करून पण चुकून ओळी मोजून. आणि शेवटी शिक्षकांच्या बाजूचा रकाना मोजून. चार निकालांपैकी दोनच बरोबर येतील. 'क' शाळा कोणत्या निकालात आहे आणि कोणत्यात नाही, हे कागदावर टिपून ठेवावे. मग आपल्या प्रकल्पातील, अभ्यासक्रमातील वा नोकरीतील जुन्या क्वेरी उघडून, त्यांत गट आधी पडतात की जोडणी आधी होते, ते तपासायला बसावे.